धुळवडीच्या दिवशी काढलेला फोटो

पांढुर्णा

पांढुर्ण्याला उतरताना माझा चष्मा पडला आणि मागून उतरणाऱ्या बाईंच्या चपलेखाली त्याची एक काडी गेली. माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या. "अजी बाप्पा, हे काय झालं! बाबूजी, दिसते का नाही तुमाले?" दिसत होतं. त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, काडी जागेवर बसवून पिन आत घातली, चष्मा स्वतःच्या पदराला पुसला आणि माझ्या नाकावर ठेवून दिला. पुढचे दोन दिवस मी त्या पिनेतूनच जग पाहिलं.

मी पुण्याचा. ऐंशीला टेकलोय. या वयात एकट्यानं एवढा प्रवास करू नये असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. पिशवीत कपड्यांचा एक जोड, गोळ्यांचा डबा आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेला एक फोटो, एवढंच सामान. कशासाठी आलो ते आधी सांगतो.

मी आयुष्यभर फोटो काढून पोट भरलं. लग्नं, मुंजी, कारखान्यांची उद्घाटनं. मधून मधून एका धर्मादाय संस्थेसाठी देणग्यांच्या आवाहनाचे फोटो. त्यातला एक फोटो पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच वाचकांच्या डोळ्यांखालून गेला असेल. काळा-पांढरा. फाटक्या फ्रॉकमधली सात-आठ वर्षांची मुलगी, चेहऱ्यावर घाण थापलेली, डोळ्यांतून पाणी, आणि कॅमेऱ्यापुढे धरलेलं जर्मनचं रिकामं वाडगं. खाली दोन वाक्यं होती : "मुनियानं कालपासून काही खाल्लेलं नाही. तुमचं जेवण झालं?"

मुलीचं नाव मुनिया नव्हतं. आणि तिचं जेवण झालं होतं. मला माहीत आहे, कारण मी तिच्याच पंगतीत बसून जेवलो होतो.

आता संस्थेची मोठी स्मरणिका निघते आहे. मुखपृष्ठावर तोच फोटो हवा म्हणून तिथल्या कार्यकर्त्या मुलीचा मला फोन आला. मुलगी हुशार, बोलायला गोड. म्हणाली, "सर, आता नियम बदललेत. फोटोतल्या माणसाची आणि घरच्यांची संमती लागते. ती मुनिया कुठे असेल हो? तुम्हीच शोधू शकाल." मी बरं म्हणालो. ती काय समजली कोण जाणे. संमती आणायला मी निघालो नव्हतो. ज्या घरानं मला जेवू घातलं त्या घराला, हा चेहरा पुन्हा छापायचा की नाही, हे एकदा तरी विचारायचं होतं. पहिल्यांदा विचारलं नव्हतं.

स्टेशनबाहेर पोह्यांवर लाल तर्री ओतून देत होते. पुण्याचे पोहे खाणाऱ्याला ही तर्री आधी नाकात जाते. मी ठसकलो तसा टपरीवाला पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाला, "कुठचे जी?"

"पुण्याचा."

"पुण्याहून इकडं? गोटमारीले तं लय टाइम आहे अजून."

"दगडफेकीची ती जत्रा बघायला नाही आलो. सौंसरला चाललोय, ओळखीच्यांकडे."

"मंग जा बाप्पा. आता जिल्हा आमचा झाला, पण पाव्हणे सौंसरवालेच नेतेत."

पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण आहे, हे रस्त्यावरच्या पाट्याही मोठ्या हौसेनं सांगतात. कापसानं फुगलेल्या पिकअप बाजाराकडे चालल्या होत्या आणि त्यांच्यामागे रस्त्याच्या कडेला पांढरे पुंजके उडत राहिले होते. बसमध्ये माझ्या पायाशी कोणाची तरी संत्र्यांची बोरी होती. बाहेर काळी जमीन, उभी तूर, मग संत्र्यांचे बगीचे, पुन्हा तूर. झाडांवर फळं लगडली होती. मी खिडकीतून बघत होतो आणि मला बरं वाटत नव्हतं. हा सगळा मुलूख मी एकदा "मध्य भारतातला भुकेला पट्टा" या नावाखाली जाऊ दिला होता.

सौंसर

फोटोतल्या त्या मुलीला मी इथे रेखा म्हणतो. या लेखातली नावं मी बदलली आहेत. या वेळी विचारून बदलली आहेत.

नागपूरच्या एका मित्रानं चौकशी करून तिचा नंबर मिळवून दिला होता. ती सौंसरला शाळेत शिकवते, निवृत्तीला आली आहे. नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी फोनवर येऊ का विचारलं. ती म्हणाली, "या. उशीरच केला तुमी."

दार तिनंच उघडलं. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं असावं, किंवा पिन लावलेला चष्मा बघून तिला हसू आलं असावं. पाण्याचा तांब्या पुढे ठेवत म्हणाली, "घ्या. मुनियाच्या हातचं पाणी."

मी तांब्याकडे बघत राहिलो. तिचे यजमान माधवराव म्हणाले, "काकाजी, घाबरू नका. हे पुऱ्या सौंसरसंग अशीच बोलते. मी तं तीस-पस्तीस सालापासून ऐकून राहिलो."

"तुमी चूप बसा जी. तुमचा फोटो नाही छापला कोणं."

मी पुठ्ठे सोडले. आत मूळ फोटो होता, कापण्याआधीचा, घरी निगेटिव्हवरून नव्यानं करून आणलेला. रेखाबाईंनी तो ट्यूबलाइटखाली नेला.

त्या वर्षी मला संस्थेनं डोंगरातल्या पाड्यांवर पाठवलं होतं. तिथे खरोखरच अन्न नव्हतं. पण मी वाटेतल्या बोरगावात पोचलो तो दिवस धुळवडीचा निघाला आणि धुळवडीला बस बंद. रस्त्यावर पोरांनी दोर आडवा धरून मला अडवलं आणि फगवा मागितला. या भागात धुळवडीला वाटसरूला असं अडवतात, काहीतरी दिल्याशिवाय सोडत नाहीत. सगळ्यांच्या अंगावर वर्षातले सर्वांत फाटके कपडे, कारण रंग आणि चिखल. रेखाचे वडील, त्यांना मी गुलाबराव म्हणतो, शेताकडून येत होते. मला घरी घेऊन गेले. मटणाचा रस्सा होता, भाकर होती, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या होत्या. जेवून बाहेर आलो तर दोरवाली पोरं पुन्हा हजर. सर्वांत पुढे गुलाबरावांचीच मुलगी. डोळ्यात रंग गेल्यामुळे रडत होती, पण वाडगं काही खाली करत नव्हती. मी फोटो काढला.

पुण्याला डार्करूममध्ये बघितलं तर लाल-हिरवा रंग सगळा काळा पडलेला. गुलाल मळासारखा दिसत होता. डावीकडे दोर धरून हसणारी पोरं होती, दारात मुलीची आई तोंडावर पदर धरून हसत होती, मागे संत्र्याचा बगीचा. आधी मी पूर्ण फोटोच संस्थेत नेला. तिथले एक गृहस्थ म्हणाले, "ही तर मजेत आहेत सगळी. यांना कोण देणार?" कापा, असं मला कोणी सांगितलं नाही. मी घरी आलो, फोटो मोठा करणारा एन्लार्जर वर उचलला, आणि फक्त मुलगी राहील एवढा कागद लावला. मुनिया हे नाव आणि ती दोन वाक्यं संस्थेत कोणीतरी लिहिली. मी ती छापण्याआधी वाचली होती.

हे मी सौंसरच्या त्या खोलीत सांगितलं. मग मी, अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो तेच पुढे जोडलं. की त्या फोटोनं फार पैसा उभा राहिला. की कचेरीत पत्रांच्या थैल्या येत. एका बाईंनी गुरुवारचं रात्रीचं जेवण सोडलं आणि तो पैसा मुनियाला पाठवत राहिल्या. एका शाळेनं फ्रॉक पाठवले. एका निवृत्त गृहस्थांना तिला दत्तक घ्यायचं होतं. मुनिया आता कशी आहे, असं विचारणाऱ्यांना संस्था कळवायची की बरी आहे. आणि त्या पैशातून डोंगरात खरोखर खिचडी शिजली, ती मी पुढच्या खेपेला डोळ्यांनी पाहिली.

"मंग त्या डोंगरातल्या लेकराचाच फोटो काहून नाही काढला?"

"बस नव्हती," मी म्हणालो.

माधवरावांना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. मलाही ते वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

जेवायला सोल्यांची भाजी होती, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची. ज्वारीची भाकर, आणि सांबारवडी. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर भाजीवर भुरभुरवतात, इथे मूठमूठ सारणात भरतात. रेखाबाईंनी तिसरी भाकर वाढली आणि समोर बसून म्हणाल्या, "आता माझं ऐका."

"मी नवीनच लागली होती शाळेत. हेडमास्तरनं मले पत्र्याचा डबा देला अन् म्हणे, मॅडम, वर्गावर्गात फिरवा, गरीब लेकरायसाठी. संग पंधरा साल जुनं पोस्टर. पाहतो तं मीच."

"तुम्ही सांगितलं नाही कुणाला?"

"काय सांगू? का हे उपाशी पोरगी मीच होय, अन् आता मीच तिच्या नावानं डबा फिरवून राहिली? फिरवला गुमान. तिसरीच्या वर्गात एका पोरीनं पोस्टर पाह्यलं अन् म्हणे, मॅडम, हिनं धुळवड खेळली. हिच्या डोळ्यात रंग गेला. पाणी मारा म्हणा इले."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"पुऱ्या देशानं पाह्यलं, काकाजी. रडले, पैसे पाठवले. कोणाले दिसलं नाही. त्या वर्गाले एका मिनिटात दिसलं. अन् मंग बी पोट्ट्यायनं डब्यात पैसे टाकलेच. त्यायले वाटलं, फगवा मागून राहिली बिचारी."

रेखाबाई हसल्या, मग चटकन थांबल्या. "खाऊन घ्या तुमी."

जेवणानंतर मी त्यांच्यासमोरच संस्थेतल्या मुलीला फोन लावला. पूर्ण फोटो छापता येईल का, असं विचारलं. ती अवघडली. "सर, खरं सांगू? आम्ही हसरे फोटोपण टाकून बघतो. लोक थांबत नाहीत, बोटानं वर सरकवतात. कुणी खाली लिहितं की यांना काय कमी आहे. रडका चेहरा असला की निदान थांबतात. हल्ली तेही कमी झालंय, रोज एवढे चेहरे येतात." मी विचारलं, घरच्यांनी नाही म्हटलं तर? "तर नाही वापरणार, सर. नियमच आहे. पण नाही का म्हणतील? अभिमानच वाटेल ना त्यांना."

तिचं बोलणं मला परकं वाटलं नाही. मुनिया दोनेक वर्षांत जुनी झाली, पत्रं आटली, तेव्हा तसाच दुसरा चेहरा शोधायला मलाच पाठवलं होतं. मी कित्येक वर्षं असे चेहरे शोधत हिंडलो. हसणारं मूल पुढे आलं की थांबून राहायचो, त्याचं हसू संपेपर्यंत. संपतंच. कॅमेरा रोखून उभ्या राहिलेल्या परक्या माणसापुढे कुठलं मूल किती वेळ हसेल? आणि मी स्वतः देणगी दिली ती कधी? अशाच चेहऱ्यांना. मला ठाऊक असूनही.

"माझं म्हणाल तं मले आता काही नाही," रेखाबाई म्हणाल्या. "मी लहान होती. इज्जत बाबाची गेली. नागपूरहून कोणंतरी तुमच्या फोटोचं कॅलेंडर आणलं बोरगावात. चावडीवर लावलं. लोक म्हणत, गुलाबराव, संत्रं इकता अन् पोरीले उपाशी ठेवता काय? मजाकच करत होते, पण बाबा मजाकवाले नव्हते. दर धुळवडीले रस्त्यावरून पाव्हणा धरून आणत जेवाले. मायचा जीव जाये सैपाक करू करू. ते बंद झालं. एकदम बंद. परका माणूस असला तं ओसरीवर पाणी, अन् राम राम."

"मी जेवलो होतो म्हणून?"

"जेवून गेले अन् असं केलं म्हणून. बाबाले इचारा. ते म्हणतीन तसं करा. मी येतो संग."

बोरगाव

सकाळी बसनं बोरगावला गेलो. रस्त्याच्या कडेला आता कारखान्यांचे पत्रे आहेत. मला जुनं काहीच ओळखू आलं नाही. गुलाबरावांचं घर स्लॅबचं झालं आहे, बगीचा मात्र मागे तसाच आहे. व्यापाऱ्याची माणसं संत्री तोडत होती, अंगणात बाया बसून फळं निवडत होत्या. बाजेवर टोपी घातलेला एक वाळका म्हातारा उन्हात पाठ करून बसला होता.

"मोठ्यानं बोला लागते," रेखाबाई मला म्हणाल्या आणि वाकून ओरडल्या, "बाबा! हे पुण्याचे फोटोवाले होयेत!"

"कोण?"

"फोटोवाले! धुळवडीचे!"

गुलाबरावांनी हात डोळ्यांवर धरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जेवले होते. आपल्या इथं जेवले होते."

मी रात्री मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. हळू आवाजात, बाजेशेजारी बसून बोलायची. ती मी बोललो. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणून राहिले? ऐकू नाही येत."

पुन्हा बोललो. पुन्हा तेच. शेवटी मी उभा राहिलो आणि ओरडलो, "तुमची मुलगी उपाशी नव्हती! मला माहीत होतं! मी फोटो कापला!"

संत्री निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. झाडावर चढलेला एक जण फांदी बाजूला करून बघू लागला. शेजारच्या दारात दोघं-तिघं आले. एवढ्या लोकांसमोर मी एकेक गोष्ट ओरडून सांगितली. पोरं हसत होती. बाई दारात हसत होत्या. ते मी काढून टाकलं. खोटं छापलं ते वाचलं आणि गप्प बसलो. आवाज चिरकला. "माफ करा," हेही ओरडून म्हणावं लागलं. माफी ओरडून मागितली की ती भांडणासारखी ऐकू येते.

गुलाबराव रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

"ज्यायनं पाह्यलं त्यायले सांगा," ते म्हणाले. "मले काय सांगता? मी तं होतोच तिथं."

मी पूर्ण फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उन्हाकडे तिरपा केला. दोर धरलेल्या पोरांवरून बोट पुढे गेलं आणि दारातल्या बाईवर थांबलं. "रेखे, तुयी माय." मग फोटो डोळ्यांजवळ नेत, "हसून राहिली."

"छापायचा का?" मी वाकून मोठ्यानं विचारलं. "हा पूर्ण? पुस्तकावर? तुम्ही म्हणाल तसं!"

"नाही." हे उत्तर मात्र लगेच आलं. "आधा बी नाही अन् पुरा बी नाही. पह्यले म्हणत, पाहा किती उपाशी. आता म्हणतीन, पाहा किती खूश. आमाले कोणाले दाखवाचं नाही. हा इथंच राहीन."

त्यांनी फोटो उशीखाली सरकवला. म्हणून या लेखासोबत फोटो नाही.

मी अंगणाच्या टोकाला जाऊन संस्थेत फोन केला. घरच्यांनी नाही म्हटलंय, असं सांगितलं. मुलगी म्हणाली, "ठीक आहे, सर. नाही वापरत," आणि मग, कामाच्या माणसाच्या आवाजात, "दुसरा शोधू." मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोवर फोन ठेवला गेला होता. परत आल्यावर मी तिला सविस्तर लिहिलं. आणि ज्यांनी तो फोटो पाहिला, जे तो पाहून जेवताना थांबले, ज्यांनी घरातलं काढून पाठवलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुमची माया खरी होती. मी ती ज्या मुलीच्या नावानं घेतली, तशी मुलगी तिथे नव्हतीच.

फोन खिशात घालून वळलो तर चुलीवरच्या वांग्याच्या भरताचा वास अंगणात आला होता. बाया हात धुऊन डबे सोडत होत्या. गुलाबरावांची सून दारात येऊन उभी राहिली. तिला यातलं किती माहीत होतं कोण जाणे. पाहुणा दिसला म्हणून तिनं सासऱ्यांना ओरडून विचारलं, "मामाजी! यायले ताट वाढू ना?"

रेखाबाई वडिलांकडे बघू लागल्या. मीही बघत होतो. या प्रवासात मी एवढंच ऐकायला आलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

गुलाबराव बगीच्याकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण आलं होतं.

"त्यायले जाचं आहे," ते म्हणाले.

मला कुठे जायचं नव्हतं. दुपार पूर्ण मोकळी होती.

मी पिशवी उचलली. "हो," मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "निघायचंय मला."